चौतीस नावांचा तिळगूळ

आलोक सरांचा मेल आला तेव्हा सुखदाच्या तोंडात अख्खा समोसा होता, आणि मेल वाचता वाचता तो तिथंच अडकला, ना आत ना बाहेर.

"काय झालं गं? गरम आहे का?" शेजारच्या नोंदणीच्या काउंटरवरून प्रतिमाताईंनी विचारलं.

सुखदानं मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आलोक सर स्वतः भोपाळहून जबलपूरला येणार आणि आपल्या हातानं भोपाळची नेटची लाइन काढणार. एक तास. त्या तासात हॉस्पिटलचे चौतीसच्या चौतीस लोक, प्रत्येक जण आपापल्या नावानं, दोन्ही सर्व्हरवर लॉगिन करू शकले तर ठीक. एक जरी अडकला तर पुढच्या एक तारखेपासून सगळा कारभार भोपाळहून, इथल्या सर्व्हर रूमला कुलूप, आणि सुखदाची नोकरी? ती त्या कुलपाच्या आत.

आता हे समजायला एवढंच लक्षात घ्या. जबलपूरच्या चेरीतालातलं हे डोळ्यांचं हॉस्पिटल, त्याचं हेड ऑफिस भोपाळला. आलोक सर तिथले कम्प्यूटर विभागाचे साहेब, आणि इथले सर्व्हर सांभाळणारी एकटी सुखदा. पेशंटची सगळी माहिती इथल्याच दोन सर्व्हरवर, एक नोंदणीचा, एक ऑपरेशन थिएटरचा. पण तुम्ही पासवर्ड टाकला की तो बरोबर आहे का चूक, हे विचारायला सर्व्हर भोपाळला जायचा. म्हणजे घर आपलं, कुलूप आपलं, किल्ली मात्र तीनशे किलोमीटर लांब! आणि शहरात कुठं ना कुठं खोदकाम चालूच. जेसीबीनं केबल तोडली की भोपाळ गायब, आणि भोपाळ गायब की कोणालाच आत जाता येत नाही. डिसेंबरात असंच झालं. मंडल्याहून आलेले पेशंट, डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घातलेलं, सगळं धूसर दिसतंय, आणि तीन तास बाकावर. शेवटी तसेच एकमेकांचा हात धरून बसस्टँडला गेले. सुखदानं खिडकीतून ते पाहिलं होतं. त्या दिवशी तिचा डबा तसाच परत गेला.

तेव्हाच तिनं आलोक सरांना सांगितलं होतं, की सर, सर्व्हरवर एक सर्व्हिस बसवता येते. ती लोकांची ओळख इथंच जपून ठेवते, लाइन गेली तरी ओळखीच्या माणसाला आत सोडते. सर हसले होते. "बेटा, नौकरी को तीन महीने हुए हैं न तुम्हारी?" त्यांचं उत्तर आता मेलमधून आलं होतं.

"लाइन तुटते म्हणून सगळंच लाइनीवर टाकायचं," प्रतिमाताई म्हणाल्या. "वा रे अक्कल! उद्या म्हणतील छत गळून राहिलं, चला, छतच काढून टाका."

सुखदानं समोसा गिळला. "ताई, मी करून दाखवते."

"कर ना मग. बघून काय राहिली?"

मंगळवारी सकाळी सुखदा बसली ती बसलीच. सर्व्हिस टाकली, तिची फाइल लिहिली. भोपाळचा पत्ता अमुक, ओळख जपायची होय, जपायची किती दिवस तर सात. सात काहून, तर एखादा माणूस नोकरी सोडून गेला तर त्याची ओळख इथं जन्मभर पडून राहायला नको. सगळं नीट लिहिलं, मनात गणपतीचं नाव घेतलं, सर्व्हिस चालू केली आणि ती उठलीच नाही. पुन्हा केली, पुन्हा नाही. सुखदानं एकेक अक्षर तपासलं, स्वल्पविराम तपासले, स्वतःच्या डोळ्यांवर शंका आली म्हणून चष्मा पुसला. दोन तास! आणि मग लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या रोजनिशीत, खाली एक बारीकशी ओळ दिसली आणि तिनं कपाळावर हात मारला. फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी उघडी ठेवली होती, आणि ही सर्व्हिस अशी मानी, की माझी फाइल मी आणि माझा मालक सोडून कोणी वाचत असेल तर मी उठणारच नाही म्हणते. सुखदानं परवानगी बदलली. उठली बया!

मग जेवणाच्या सुट्टीत, काउंटर रिकामं असताना, तिनं स्वतः भोपाळची वायर काढली.  आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि आत! भोपाळ नाही, काही नाही, आणि आत! ती सर्व्हर रूममध्ये एकटीच अशी उडी मारून नाचली, की एसीचा रिमोट खाली पडून त्याचे सेल टेबलाखाली गेले.

घरी गेली ती पंख लावून. जेवताना वडलांना सगळं सांगायला लागली. भाऊराव तिचे वडील, फॅक्टरीतून रिटायर झालेले, कम्प्यूटरचं त्यांना काही कळत नाही, पण ऐकायची हौस दांडगी.

"म्हणजे आमच्या गेटवरच्या जमादारासारखं," भाऊराव भाकरी मोडत म्हणाले. "पास ऑफिस बंद असलं तरी तो आम्हाला सोडायचा. काहून? तर रोज तोंड पाहून राहिला ना तो. मला म्हणायचा, चलो भाऊराव जी, आप तो अपने हो."

"बस, तेच बाबा! हुबेहूब तेच!"

"पण एक सांगू? ज्याला त्यानं कधी पाहिलंच नाही, त्याला नाही सोडायचा. एकदा मोठे साहेब आले, दिल्लीचे. उभं केलं त्यांना उन्हात."

"हो ना, इथंही तसंच. लाइन चालू असताना निदान एकदा तरी स्वतः आत गेलं पाहिजे, मगच ओळख साठते..."

आणि तिचा घास हातातच राहिला.

"काय झालं, बेटा?"

"बाबा, आमच्या इथं तर कोणीच स्वतः आत जात नाही."

ही गंमत आलोक सरांना माहीत नव्हती. त्या हॉस्पिटलची रीतच अशी. बाळाजीभाऊ म्हणजे नोंदणीचे सगळ्यात जुने माणूस, वय अठ्ठावन्न. रोज सकाळी साडेसातला येणार, देवाच्या फोटोला उदबत्ती लावणार, आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक मशीन स्वतःच्या नावानं उघडत जाणार. दुकानाची फळी काढावी तसं. नर्स येवो, डॉक्टर येवो, मशीन उघडंच. वर्षानुवर्षं सगळं हॉस्पिटल बाळाजीभाऊंच्या नावावर चालत होतं. भोपाळच्या हिशेबानं एकटे बाळाजीभाऊ डोळे तपासत होते, औषधं देत होते आणि मोतीबिंदूही काढत होते!

बुधवारी सकाळी सुखदानं जपलेल्या ओळखींची यादी काढली. नावं दोन. एक सुखदा, एक बाळाजी.

ती सरळ त्यांच्याकडे गेली. ते तिसरं मशीन उघडत होते.

"भाऊ, हे बंद करावं लागंन."

"काय बंद?"

"हे, सगळ्यांची मशीनं तुम्ही उघडणं. प्रत्येकानं आपल्या नावानं उघडायचं."

बाळाजीभाऊंनी चष्मा काढला. "अच्छा. म्हणजे आता माझी गरज नाही."

"असं नाही हो भाऊ..."

"मशीन आली तेव्हा कोणी हात लावत नव्हतं, माहीत आहे का? पासवर्ड विसरायचे आणि पेशंट बोंबलत बसायचे. इरावती मॅडम एवढ्या मोठ्या सर्जन, त्यांचा पासवर्ड मी लिहून ठेवला आहे, त्यांना आठवत नाही. आणि तू चार महिन्यांची पोर मला सांगून राहिली?" ते उठले. "आणि एक विचारतो. ही तुझी सर्व्हिस सगळ्यांचे पासवर्ड लिहून ठेवते म्हणे. माझ्या चिठ्ठीला सगळे हसता, मग तुझी चिठ्ठी कशी चालते?"

"पासवर्ड नाही भाऊ, पासवर्डचा ठसा. ठशावरून अंगठा मिळतो का बघता येतं, पण ठशावरून अंगठा बनवता येत नाही."

 बाळाजीभाऊ चष्मा चढवून चौथ्या मशीनकडे गेले, आणि तेही स्वतःच्याच नावानं उघडलं. खाड खाड बटणं दाबत!

सुखदा सर्व्हर रूममध्ये येऊन बसली. आलोक सरांना एक मेल टाकला असता तर भाऊंवर कारवाई झाली असती आणि तिला मुदत मिळाली असती. तिनं मेल उघडलाही. पण त्या दिवशी मंडल्याच्या पेशंटच्या त्या ओळीत सगळ्यात पुढच्याचा हात धरून बसस्टँडपर्यंत कोण गेलं होतं? बाळाजीभाऊच. तिनं मेल बंद केला.

दुपारी प्रतिमाताई डबा घेऊन आल्या. डब्यात तिळाच्या वड्या. "घे. संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकू आहे, ये. रविवारी रथसप्तमी, मग संपलं सगळं."

सुखदानं वडी हातात घेतली आणि त्या वडीकडे बघतच राहिली. हळदीकुंकवाला बाया कशा येतात? एकेक करून, उंबरठ्यातून, आपल्या पायानं. आणि घरातलं मोठं माणूस दारात उभं असतं, नावानं हाक मारतं.

"ताई," ती म्हणाली, "अशा किती वड्या करता येतील उद्यापर्यंत?"

"किती पाहिजे?"

"दोन सर्व्हर, चौतीस माणसं. अडुसष्ट."

मग ती पुन्हा बाळाजीभाऊंसमोर उभी राहिली. या वेळी हात जोडूनच.

"भाऊ, उद्या सगळ्यांना एकेकाला बोलवून लॉगिन करायला लावायचं आहे. माझं कोणी ऐकणार नाही. डॉक्टर तर मला ओळखतही नाहीत. तुमच्या हाकेला मात्र इरावती मॅडमही येतील. तुम्ही मशीनजवळ उभं राहायचं, नाव पुकारायचं, ज्यानं आपल्या नावानं लॉगिन केलं त्याला वडी द्यायची. मशीनं तुम्हीच उघडली इतकी वर्षं. आता माणसांना उघडायला शिकवायचं. मला नाही जमणार ते."

 भाऊ म्हणाले, "वडी कडक असंन तर मी वाटणार नाही. मला दात नाहीत."

"मऊ करते हो!" पलीकडून प्रतिमाताई ओरडल्या.

गुरुवारी काय सांगू काय मजा झाली! सकाळपासून नोंदणीच्या मशीनजवळ बाळाजीभाऊ, अंगात जाकीट, हातात स्टीलचा डबा. "अवंती! ये इकडे. डबल शिफ्टचं नाटक नको, एक मिनिट लागते!" एकेक माणूस यायचं. अर्ध्यांना पासवर्ड आठवेना. सुखदा फोन कानाला लावून बसली होती, पलीकडे भोपाळचा गौतम, मदतीच्या फोनवरचा, बिचारा चांगला, एकामागून एक पासवर्ड बदलून देत होता. एकविसाव्याला तो म्हणाला, "दीदी, आज जबलपुर में मेला लगा है क्या?"

"हाँ भैया, तिल-गुड़ का!"

इरावती मॅडम ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांतच आल्या. तीनदा चुकल्या. चौथ्यांदा आत गेल्या आणि स्क्रीनवर स्वतःचं नाव बघून थांबल्या. "बाळाजी, इतकी वर्षं माझी ऑपरेशनं तुमच्या नावावर?"

"मॅडम, एकाही पेशंटची तक्रार नाही आली," भाऊ म्हणाले आणि त्यांच्या हातावर दोन वड्या ठेवल्या.

संध्याकाळी आलोक सर आले. उद्याच्या तयारीची पाहणी करायला एक दिवस आधीच. बाळाजीभाऊंनी त्यांच्याही पुढं डबा धरला. "सर, आप भी। पहले लॉगिन, फिर तिलगुड़।"

"अरे, मुझे क्या ज़रूरत?" आलोक सर हसले. "मैं एडमिन हूँ। मेरा अकाउंट हर जगह चलता है। और मीठा मना है।"

सुखदानं तोंड उघडलं होतं, पण ते तोवर गाडीकडे निघाले होते. यादीत चौतीस नावं, दोन्ही सर्व्हरवर. तिनं तीनदा मोजली.

शुक्रवार. रविवारी नर्मदा जयंती आणि तेच निमित्त धरून हॉस्पिटलचं मोफत शिबिर, म्हणून तपासणीला सकाळपासूनच गर्दी. मंडला, डिंडोरी, कुठून कुठून आलेली माणसं, गाठोडी, नातवंडं. अकराला पाच मिनिटं कमी असताना आलोक सर सर्व्हर रूममध्ये शिरले. फोन सायलेंटवर, हातात चौतीस नावांचा कागद.  त्यांनी घड्याळ पाहिलं, आणि बरोबर अकराला, एखादी फीत कापावी तशी वायर काढली.

"चलिए। एक-एक करके।"

अवंती. आत. प्रतिमाताई. आत. औषधाच्या खिडकीवरचा केतन, त्याची बोटं घामानं ओली झाली होती, एकदा चुकला, दुसऱ्यांदा आत. आलोक सर कागदावर टिक करत चालले. दहा. अठरा. मध्ये पेशंट येत होते, नोंदणीच्या पर्च्या निघत होत्या, डोळ्यांत औषध पडत होतं, कोणाला पत्ताच नाही की भोपाळ नावाचं गाव या जगात उरलेलं नाही. सत्तावीस. थिएटरच्या सर्व्हरवर इरावती मॅडम. पहिल्याच फटक्यात आत. "पाठ केला आहे," त्या ऐटीत म्हणाल्या. तेहतीस. शेवटचे बाळाजीभाऊ. त्यांनी आधी उदबत्तीच्या दिशेनं नमस्कार केला, मग एकेक बटण सावकाश दाबलं.

चौतीस!

प्रतिमाताईंनी टाळीच वाजवली. बाकावरच्या पेशंटनीही वाजवली, काहून ते माहीत नसताना.

आलोक सर कागद बघत राहिले. माणूस वाईट नव्हता, पण चेहरा असा झाला होता, की जणू त्यांचाच पेपर तपासून झाला. "ठीक है," ते म्हणाले. "लाइन जोड़ दो।"

सुखदानं वायर लावली. दिवा लागला नाही. पुन्हा लावली. नाही.  मी काही तोडलं का? आलोक सरांनी खिशातून फोन काढला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. भोपाळहून सहा मिस्ड कॉल. त्यांनी लावला, स्पीकरवरच, आणि पलीकडून गौतमचा आवाज, "सर, कब से फ़ोन लगा रहा हूँ! जबलपुर की लाइन दस बाईस से डाउन है। सिविल लाइंस में खुदाई में केबल कट गई। वहाँ तो हाहाकार होगा न, सर?"

दहा बावीस! म्हणजे सरांनी वायर काढली तेव्हा ती अडतीस मिनिटं आधीच मेलेली होती. अडतीस मिनिटं लाइन नव्हती आणि अख्ख्या हॉस्पिटलात कोणाला कळलं नव्हतं!

सगळे काउंटरकडे बघायला लागले. तिथं एक म्हातारी बाई आपलं नाव सांगत होती आणि अवंती ते टाइप करत होती, रोजच्यासारखं. सुखदाला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं दोन्ही करून घेतलं.

"हाहाकार नहीं है, गौतम," आलोक सर हळूच म्हणाले. "यहाँ... तिलगुड़ बँट रहा है।"

मग ते सावरले. रिपोर्ट तर लिहायचाच. मशीनसमोर बसले, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. नाही. पुन्हा टाकला. नाही. तिसऱ्यांदा बोट आपटून. नाही!

सुखदा म्हणाली, "सर, सर्वर आपको पहचानता नहीं। कल आपने..."

"तिलगुड़ नहीं लिया," बाळाजीभाऊंनी वाक्य पूर्ण केलं. अगदी गंभीर चेहऱ्यानं.

आधी इरावती मॅडम हसल्या, आणि मग कोणाला आवरेना. सर स्वतःही हसले, जरा उशिरा, पण हसले. रिपोर्ट त्यांनी हातानं लिहिला, कागदावर, बाळाजीभाऊंच्या पेननं. सर्व्हर रूम राहील. आणि भोपाळच्या बाकीच्या चार शाखांमध्ये ही सर्व्हिस सुखदा बसवील.

केबल काही त्या दिवशी जोडली गेली नाही, शनिवारीही नाही. रविवारी ग्वारीघाटावर नर्मदामाईची आरती चालली होती आणि इकडे चेरीतालात भोपाळशिवाय एकशे बारा मोतीबिंदू निघाले, एकेक आपापल्या सर्जनच्या नावावर. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेली मंडल्याची माणसं ओळीनं बाकावर बसून चहा पीत होती. भाऊराव मुद्दाम बघायला आले, दाराशी उभे राहिले आणि बाळाजीभाऊंना म्हणाले, "जमादार साहेब, आत येऊ का?"

"नाव सांगा आधी," भाऊ म्हणाले.

सोमवारी दुपारी भोपाळ परत आलं. आलोक सर, केबल जोडून होईपर्यंत तीन दिवस जबलपुरातच अडकलेले, हॉटेलातून धावत आले, मशीनसमोर बसले, आणि या वेळी, लाइन चालू असताना, दोन्ही सर्व्हरवर आपल्या नावानं लॉगिन केलं. मागं वळून बघतात तर बाळाजीभाऊ डबा घेऊन उभे.

"रथसप्तमी कल हो गई, सर," भाऊ म्हणाले. "पर आपकी दो वड़ी मैंने अलग रख दी थीं।"

सरांनी मुकाट्यानं दोन्ही खाल्ल्या. सुखदानं यादी काढली. पस्तीस.